अर अस्गुर्न : काळ्या खुर्चीचे घर

वेल्सच्या वायव्य भागात, ग्विनेद परगण्यात, त्राउसवनिद हे डोंगरी गाव आहे. गावाच्या पूर्वेला कुम प्रसोर नावाचे खोरे सुरू होते आणि त्याच्या उतारावर ‘अर अस्गुर्न’ हे दोन मजली दगडी शेतघर उभे आहे. शेतघराच्या पश्चिमेला रिनोग डोंगरांची खडकाळ रांग दिसते. भोवतीची जमीन पाणथळ आणि गवताळ असून तिथे नांगरापेक्षा मेंढीवर जगणेच शहाणपणाचे. घर बांधले गेले ते १८३०च्या सुमारास. वास्तुकलेच्या दृष्टीने पाहिले तर त्यात अपूर्व असे काही नाही. असली घरे उत्तर वेल्समध्ये शेकड्यांनी बांधली गेली, त्यांतली कित्येक पडली आणि उरलेली बदलून ओळखू येईनाशी झाली. तरीही सरकारी वारसायादीत हे घर तारांकित द्वितीय श्रेणीत आहे. १९१७ साली या घरात आलेली एक काळी खुर्ची आणि तिच्यामागून जवळजवळ शतकभर न बदललेले स्वयंपाकघर ही त्याची कारणे.

या परिसरातली वस्ती घरापेक्षा फार जुनी आहे. त्राउसवनिदच्या उत्तरेला तोमेन अ मिर या ठिकाणी रोमन सैन्याची गढी होती. तिचे मातीचे बांध आणि छोट्या रंगमंडलाचा खळगा अजून दिसतो. कुम प्रसोरच्या खोऱ्यात एका उंचवट्यावर मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत. वेल्स जिंकल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १२८४ साली तिथे मुक्कामाला होता. अर अस्गुर्नच्या जागी सोळाव्या शतकापासून शेतवाडी असल्याचे मानले जाते. आजचे घर म्हणजे त्या जुन्या वाडीची नवी आवृत्ती. नवे घर उभे राहिले की जुने गुरांना द्यायचे, हा त्या मुलखाचा रिवाजच होता. दगडाची भिंत मोडून टाकण्यापेक्षा तिच्यात गाय बांधणे केव्हाही स्वस्त. त्यामुळे वेल्समध्ये जुने घर शोधायचे तर पुष्कळदा गोठ्यात शोधावे लागते.

या घराची रचना कळण्यासाठी वेल्समधल्या शेतघरांचा मागोवा थोडा मागून घ्यावा लागतो. चौदाव्या-पंधराव्या शतकात बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याचे घर म्हणजे एक मोठा उघडा सोपा असे. त्याला मजला नसे आणि धुराडेही नसे. जमिनीवर मधोमध विस्तव पेटवायचा, धूर वर चढून छपरातून वाट काढी. तुळया आणि वासे काजळीने काळे पडत. आजही एखाद्या घराच्या माळ्यावर चढून काजळलेला वासा दिसला की तज्ज्ञ ते घर मध्ययुगीन असल्याचे ओळखतात. छपराचा भार तोलायला नैसर्गिकरीत्या वाकलेले ओकचे खोड निवडत. ते उभे चिरून त्याचे दोन सारखे भाग समोरासमोर उभे करत आणि वरची टोके एकमेकांना भिडवत. भार या लाकडी कमानीवर असे, भिंती केवळ आडोशापुरत्या.

याच्याच जोडीला माणसे आणि गुरे एकाच लांब छपराखाली राहण्याची पद्धत होती. वरच्या अंगाला कुटुंब, खालच्या अंगाला गोठा, आणि दोहोंच्या मध्ये दोघांनाही सामायिक असलेला आडवा बोळ. घर मुद्दाम उतारावर बांधत, म्हणजे गोठ्यातली घाण आपोआप खाली वाहून जाई. वेल्श लोकजीवनाचे अभ्यासक योरवर्थ पीट यांनी १९४० साली वेल्श घरांवर पुस्तक लिहिले, त्यात या लांबघराला मानाचे स्थान दिले. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांना पुढच्या अभ्यासकांनी मान डोलावली नाही, पण गरिबाच्या घरालाही इतिहास असतो, ही गोष्ट वेल्समध्ये रुजवली ती त्यांनीच. त्यानंतर पीटर स्मिथ यांनी १९७५ साली सबंध वेल्सच्या ग्रामीण घरांचा ग्रंथ सिद्ध केला. कुठल्या प्रकारचे घर कुठल्या भागात आढळते हे त्यांनी नकाशांवर मांडून दाखवले. अलीकडे ओकच्या तुळयांतली वार्षिक वलये मोजून झाड कोणत्या वर्षी तोडले गेले हे सांगता येते. त्यामुळे अंदाजाने दिलेल्या कित्येक तारखा मागेपुढे कराव्या लागल्या आहेत.

सोळाव्या शतकात स्नोडोनियाच्या डोंगराळ भागात एक नवा घरप्रकार रूढ झाला. पूर्ण दोन मजले, जाड दगडी भिंती, टोकाच्या भिंतीत बांधून काढलेली चूल आणि धुराडे, चुलीशेजारी भिंतीच्या कुशीतून वर चढणारा गोल जिना. विस्तव खोलीच्या मध्यातून भिंतीकडे सरकला आणि त्याबरोबर सगळे घर बदलले. धूर गेल्यामुळे वर मजला टाकता आला. मजला आल्यामुळे निजण्याच्या खोल्या वेगळ्या झाल्या आणि धान्य, लोकर, चीज ठेवायला कोरडी जागा मिळाली. राजधानीपासून दूर, दरिद्री समजल्या जाणाऱ्या या डोंगरात हा बदल इतक्या लवकर आणि इतक्या पक्क्या बांधणीत झाला, याचे अभ्यासकांना अजून नवल वाटते. अर अस्गुर्नच्या बांधणीत दोन मजले, दगड, स्लेट आणि भिंतीतली चूल हा जो सांगाडा आहे तो थेट या परंपरेतून उतरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाने त्यात भर घातली ती प्रमाणबद्ध दर्शनी भागाची आणि मोठ्या खिडक्यांची.

डोंगरातल्या शेतीचे वेळापत्रकही घरांच्या मांडणीत उतरले होते. खोऱ्यातले कायमचे घर ते ‘हेन्द्रे’. उन्हाळ्यात गुरेमेंढ्या घेऊन वरच्या कुरणात जायचे, तिथली वस्ती ती ‘हाफोद’. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही ये-जा बरीच थांबली. पुष्कळशा हाफोदांची स्वतंत्र शेते झाली, काही ओस पडली. वेल्सच्या नकाशावर गावांच्या आणि शेतांच्या नावांत हे दोन शब्द आजही जागोजाग सापडतात.

१८३०च्या दशकात नवे घर बांधणाऱ्याला एक सोय हाताशी होती. त्राउसवनिदच्या उत्तरेला काही मैलांवर ब्लायनाय फेस्तिन्योगच्या स्लेट खाणी जोमात येत होत्या. समुद्रमार्गे जाणाऱ्या स्लेटवरचा कर १८३१ साली रद्द झाला. १८३६ साली खाणींपासून बंदरापर्यंत अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. पाटीचा हा दगड तिथून निम्म्या जगाच्या छपरांवर गेला. स्लेट कारागीर कशी फोडतो हे पाहण्यासारखे असते. दगडाचा ठोकळा मांडीला टेकवून तो रुंद, पातळ छिन्नी धारेवर ठेवतो, लाकडी हातोड्याचा हलका ठोका देतो आणि ठोकळा वहीच्या पानांसारखा उलगडत जातो. मापांना नावे होती सरदारघराण्यातल्या बायकांची. चोवीस इंच लांब ती ‘डचेस’, वीस इंची ‘काउंटेस’, सोळा इंची ‘लेडी’. स्लेट फोडणाऱ्याच्या मजुरीशी या नावांतल्या थाटाचा काही संबंध नव्हता, हे वेगळे सांगायला नको. जुन्या पद्धतीच्या छपरावर मोठ्या स्लेट वळचणीला आणि वर आढ्याकडे जाताना क्रमाने लहान लावत, म्हणजे छोट्या तुकड्यांचाही वापर होई आणि जास्तीत जास्त पाणी जिथे वाहते तिथे सांधे कमीत कमी येत.

अर अस्गुर्नचा तळमजला दोन खोल्यांभोवती फिरतो : स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली. स्वयंपाकघर हेच खरे घर. खाली स्लेटची फरसबंदी, भिंतीत मोठी चूल आणि तिच्यात नंतर बसवलेली लोखंडी शेगडी. चुलीजवळ उंच पाठीचे लाकडी बाकडे. त्याची पाठ उंच असण्याचे कारण सरळ आहे. दार उघडले की येणारा बोचरा वारा बसलेल्या माणसाच्या मानेला लागू नये. भिंतीशी ओकचे फडताळ, खाली कप्पे आणि वर उघड्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या चिनीमातीच्या ताटल्या. वेल्श फडताळातल्या ताटल्या जेवायला क्वचितच काढतात, त्या आलेल्यागेलेल्याने पाहायच्या असतात. बैठकीची खोली याच्या अगदी उलट. ती पाद्री आला, पाहुणा आला, घरात मयत झाले तरच उघडायची. एरवी दार लावलेले आणि शेगडी थंड. वरच्या मजल्यावर निजण्याच्या खोल्या. एवढ्या जागेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दहा-बारा माणसांचे कुटुंब राहत होते.

ते कुटुंब इव्हान्स घराण्याचे. इव्हान आणि मेरी इव्हान्स यांचा थोरला मुलगा एलिस हम्फ्री इव्हान्स याचा जन्म १३ जानेवारी १८८७ रोजी त्राउसवनिद गावात, पेनलान या घरात झाला. तो काही महिन्यांचा असताना कुटुंब बापाच्या मूळ घरी, अर अस्गुर्नला राहायला आले. पुढे त्याला दहा भावंडे झाली. शेत १६८ एकरांचे, पण त्यातले बरेचसे माळरान. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि एलिस मेंढ्यांमागे लागला. मेंढपाळ म्हणून तो फारसा दक्ष नव्हता असे गावात सांगत. त्यात अतिशयोक्ती असेल, पण त्याचे लक्ष दुसरीकडे होते हे खरे. मध्यंतरी थोडे दिवस तो दक्षिण वेल्समधल्या अबरकननच्या कोळसा खाणीत कामाला गेला, तिथे त्याचे मन रमले नाही आणि तो परत आला.

त्याचे लक्ष होते कवितेकडे. वेल्श कवितेचा जुना छंदोबद्ध प्रकार फार कडक शिस्तीचा आहे. ओळीच्या दोन अर्ध्यांत व्यंजने ठरावीक क्रमाने परत यावी लागतात, शिवाय आतली यमके सांभाळायची. हे शास्त्र कुठल्या विद्यापीठात शिकवले जात नसे. ते रविवारच्या शाळेत, चॅपेलच्या सभांत, खाणीतल्या जेवणाच्या सुट्टीत आणि शेतघराच्या चुलीपाशी शिकले जाई. एलिसला वेल्श पिंगळशास्त्राचे पुस्तक बापानेच आणून दिले होते. दिवसा कुरणावर आणि रात्री सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात, असे त्याचे लेखन चाले. १९१० साली ब्लायनाय फेस्तिन्योगला जमलेल्या कवींच्या मेळाव्यात त्याला ‘हेद विन’ हे कविनाम मिळाले. त्याचा अर्थ शुभ्र शांती. खोऱ्यातल्या धुक्यातून येणाऱ्या उन्हावरून ते सुचले असे म्हणतात.

वेल्समधल्या साहित्योत्सवाला ‘आइस्तेदवोद’ म्हणतात. त्याची परंपरा ११७६ साली कार्डिगनच्या गढीत सरदार रीस याने भरवलेल्या मेळाव्यापर्यंत मागे नेली जाते. आजच्या स्वरूपातला राष्ट्रीय उत्सव १८६१ पासूनचा. छंदोबद्ध दीर्घकाव्याच्या स्पर्धेतल्या विजेत्याला कोरीव लाकडी खुर्ची दिली जाते. सगळ्या कविता टोपणनावाने येतात. निकालाच्या वेळी ते टोपणनाव पुकारले जाते आणि हजारोंच्या गर्दीतून कवी उठून उभा राहतो, तोवर तो कोण हे प्रेक्षकांना माहीत नसते. गावोगावी लहान आइस्तेदवोद होत आणि त्यांतही खुर्च्या मिळत. हेद विनने पहिली खुर्ची १९०७ साली बाला येथे मिळवली, पुढे आणखी काही. त्या सगळ्या अर अस्गुर्नच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसल्या. १९१६ साली अबेरिस्तविथच्या राष्ट्रीय उत्सवात त्याची खुर्ची थोडक्यात हुकली, तो दुसरा आला. पुढच्या वर्षीसाठी विषय जाहीर झाला : ‘अर आर्वुर’, म्हणजे ‘वीर’.

पहिले महायुद्ध चालू होते. १९१६च्याच जानेवारीत ब्रिटिश संसदेने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. शेतीवर काम करणाऱ्यांना काही सवलत होती, परंतु एका शेतावर किती जवान हात लागतात याचा हिशेब मांडला जाई. इव्हान्स कुटुंबातून एकाला जावे लागणार हे ठरले. एलिस तिशीला टेकला होता, धाकटा भाऊ नुकता वयात आला होता. धाकट्याला जावे लागू नये म्हणून थोरला गेला. त्याला युद्धाचे आकर्षण कधीच नव्हते. १९१७च्या सुरुवातीला तो लिव्हरपूलजवळच्या लिदरलंड छावणीत प्रशिक्षणासाठी दाखल झाला. देशात अन्नधान्याची टंचाई वाढू लागल्याने सरकारने वसंतात शेतकरी सैनिकांना नांगरणीसाठी घरी सोडले आणि त्यालाही सात आठवड्यांची रजा मिळाली. नांगरणी किती झाली कोण जाणे. रजेतला बराचसा वेळ ‘वीर’ कवितेवर गेला. परतताना त्याला घाई झाली आणि हस्तलिखित घरीच टेबलावर राहिले, मग त्याने ते आठवून पुन्हा लिहून काढले, असे सांगतात. जूनमध्ये तो रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सच्या १५व्या पलटणीत फ्रान्समध्ये फ्लेशां येथे पोहोचला. कविता तिथून टपालाने गेली, खाली टोपणनाव होते ‘फ्लर-द-ली’.

३१ जुलै १९१७ रोजी पहाटे बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली, ती पुढे पाशेंडेलची लढाई म्हणून ओळखली गेली. पिल्केमच्या उंचवट्यावर चाल करून जाणाऱ्या ३८व्या वेल्श डिव्हिजनमध्ये हेद विन होता. तोफगोळ्याचा तुकडा लागून तो कोसळला आणि त्याच दिवशी गेला. त्याच दिवशी, त्याच भागात, आयरिश कवी फ्रान्सिस लेडविज मारला गेला. बूझिंगेजवळच्या आर्टिलरी वुड दफनभूमीत दोघांच्याही कबरी आहेत.

त्या वर्षीचा राष्ट्रीय आइस्तेदवोद वेल्सबाहेर, मर्सी नदीच्या काठी लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड शहरात भरला होता. त्या पट्ट्यात वेल्श लोकांची मोठी वस्ती होती. ६ सप्टेंबरला खुर्चीचा समारंभ होता. स्वतः वेल्श भाषक असलेले पंतप्रधान लॉइड जॉर्ज हजर होते. परीक्षकांपैकी टी. ग्विन जोन्स यांनी निकाल वाचला, ‘फ्लर-द-ली’ला उभे राहण्याचे आवाहन झाले, तुताऱ्या वाजल्या. कोणी उभे राहिले नाही. मग समारंभाचे प्रमुख, आर्चड्रुइड डिव्हेद यांनी विजेता लढाईत पडल्याचे जाहीर केले आणि व्यासपीठावरच्या खुर्चीवर काळे कापड पसरण्यात आले. तेव्हापासून हा उत्सव ‘काळ्या खुर्चीचा आइस्तेदवोद’ म्हणून ओळखला जातो.

ही खुर्ची घडवणारा कारागीर होता यूजेन व्हानफ्लेटेरेन, बेल्जियममधल्या मेखेलेन शहरचा. १९१४ साली जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्यावर हजारो निर्वासित ब्रिटनला आले, त्यांत तोही होता आणि बर्कनहेडला राहत होता. ओकच्या लाकडातली त्याची कोरीव खुर्ची भरभक्कम आहे, तिच्यावर गुंफलेली केल्टिक नक्षी आणि ड्रॅगन आहेत. फ्लेमिश माणसाने वेल्श कवीसाठी खुर्ची कोरावी आणि त्या कवीला मरण यावे ते फ्लँडर्समध्ये, अशी ती गोष्ट आहे. वेल्श लेखकांनी हा योगायोग पुरेपूर वापरला आहे, काहींनी जरा जास्तच.

खुर्ची रेल्वेने त्राउसवनिदला आली. बाला ते फेस्तिन्योग लोहमार्ग तेव्हा या खोऱ्यातून जात असे, १९६०च्या सुमारास तो बंद पडला. स्टेशनवरून घोडागाडीने ती अर अस्गुर्नला पोहोचली आणि बैठकीच्या खोलीत आधीच्या खुर्च्यांशेजारी ठेवली गेली. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, ‘केर्दी’र बिगेल’ म्हणजे मेंढपाळाच्या कविता हा हेद विनचा संग्रह निघाला. आर. विल्यम्स पॅरी या कवीने त्याच्यावर लिहिलेली शोककाव्ये वेल्श शाळांत पाठ होऊ लागली. १९२३ साली गावात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार मेरीफील्ड यांनी त्याला सैनिकाच्या गणवेशात न दाखवता बाह्या सरसावलेला मेंढपाळ म्हणून घडवले. अनावरण त्याच्या आईने केले.

येथून घराच्या इतिहासाचा दुसरा भाग सुरू होतो आणि खरे पाहता तोच अधिक विलक्षण आहे. खुर्ची पाहायला माणसे येऊ लागली. शाळांच्या सहली, पाद्री, कवी, रणभूमीवरून परतलेले सैनिक, कुतूहल असलेले वाटसरू. मेरी इव्हान्स यांनी कोणालाही परत पाठवले नाही. तिकीट नव्हते, ठरलेली वेळ नव्हती. शेतघराचे दार ठोठावायचे, आत यायचे, खुर्ची पाहायची. मेरी यांचा नातू जेरल्ड विल्यम्स १९२९ साली जन्मला आणि याच घरात वाढला. दार उघडे ठेवीन, असे वचन त्याने आजीला दिले होते. पुढे तो आणि त्याचा भाऊ एलिस यांनी शेती सांभाळली आणि येणाऱ्याला खुर्ची दाखवत राहिले. भाऊ गेल्यावर जेरल्ड एकटाच राहिला. मेंढ्यांचे काम अर्धवट टाकून दिवसातून कितीदा तरी तीच गोष्ट नव्या माणसाला सांगायची, हे साठ-सत्तर वर्षे करणे सोपे नाही.

या काळात भोवतालचा मुलूख ओळखू येणार नाही इतका पालटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच त्राउसवनिदच्या माळावर ब्रिटिश लष्कराचा तोफांचा सरावतळ होता. १९२०च्या दशकात वीजनिर्मितीसाठी धरण बांधून मोठे सरोवर तयार झाले आणि त्याखाली कित्येक शेते गेली. १९६५ साली त्याच सरोवराकाठी अणुवीज केंद्र सुरू झाले. बेसिल स्पेन्स या नामांकित वास्तुरचनाकाराने आखलेल्या त्याच्या दोन अजस्र चौकोनी इमारती मैलोन्‌मैल दिसतात. १९९१ साली वीजनिर्मिती थांबली, इमारती उभ्याच आहेत. याच दशकांत वेल्समधली हजारो शेतघरे आधुनिक झाली. स्लेटची फरशी उखडून सिमेंट आले, चुलीची कमान बुजवली गेली, लहान तावदानांच्या जागी प्लॅस्टिकच्या चौकटी बसल्या, भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला. त्या गिलाव्याने जुन्या भिंतींचे वाटोळेच केले, कारण चुन्याच्या सांध्यांतून वाळणारी ओल आतच अडकली. घर राहते असेल तर ते बदलणारच आणि सोयीने राहण्याचा हक्क शेतकऱ्यालाही आहे. अर अस्गुर्नमध्ये हा बदल फारसा घडला नाही. लोक जे पाहायला येतात ते जसेच्या तसे ठेवावे, अशी घरच्यांची धारणा होती. बाकडे, फडताळ, टेबल, घड्याळ, शेगडी, भिंतीवरच्या तसबिरी सगळे जागच्या जागी राहिले. स्मारक खुर्चीचे होते, पण तिच्या निमित्ताने वेल्श शेतकऱ्याचे एक अख्खे घर भांड्याकुंड्यांसकट वाचले.

१९९२ साली ‘हेद विन’ हा वेल्श भाषेतला चित्रपट निघाला. दिग्दर्शक पॉल टर्नर, पटकथा कवी अॅलन लुइड यांची. ऑस्करच्या परभाषिक चित्रपट विभागात नामांकन मिळालेला तो पहिला वेल्श चित्रपट ठरला. पाहुणे वाढले आणि घर मात्र थकत चालले. वारस नसलेल्या म्हाताऱ्या माणसानंतर या घराचे काय, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. २०१२ साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने घर आणि शेत विकत घेतले. २०१४ साली वारसा लॉटरी निधीतून सुमारे २८ लाख पौंडांचे अनुदान मिळाले. घरातली प्रत्येक वस्तू बाहेर काढून तपासली व जतन केली गेली, इमारतीची दुरुस्ती झाली, काळ्या खुर्चीवरही तज्ज्ञांकडून काम करून घेण्यात आले. येणाऱ्यांच्या सोयीसाठी मुख्य घराला हात न लावता जुन्या गोठ्यांचा उपयोग केला. स्वागतकक्ष आणि प्रदर्शन तिथे आहे. जून २०१७ मध्ये, हेद विनच्या मृत्यूला शंभर वर्षे पुरी होण्याच्या तोंडावर, घर पुन्हा खुले झाले.

जुनी शेतघरे जतन करण्याचा दुसरा मार्ग वेल्समध्ये याआधीच रुळलेला होता. योरवर्थ पीट यांच्या पुढाकाराने कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथे १९४८ साली खुले लोकजीवन संग्रहालय सुरू झाले. देशभरातली घरे दगड-दगड क्रमांक घालून उतरवायची आणि तिथे पुन्हा उभारायची, अशी त्याची पद्धत. गावर द्वीपकल्पातले १६१०चे केनिक्स्टन शेतघर हे त्यातले एक. त्याच्या बाहेरच्या भिंती गडद तांबड्या आहेत. दुष्ट शक्ती त्या रंगाला बिचकतात अशी समजूत होती. हे घर मूळ जागी राहते तर टिकले असते की नाही याची शंकाच आहे, तेव्हा संग्रहालयाचे उपकार मानायलाच हवेत. मात्र उचलून आणलेल्या घरामागे त्याचे कुरण, त्याचा वारा आणि त्याचे शेजारी येत नाहीत. अर अस्गुर्नच्या खिडकीतून दिसणारा डोंगर तोच आहे, शेतात मेंढ्या अजून चरतात, आणि घरात वावरणाऱ्यांची पहिली भाषा अजून वेल्शच आहे. खुर्ची राष्ट्रीय संग्रहालयात हलवली असती तर ती अधिक लोकांनी पाहिली असती. घराचे मोल मात्र निम्म्याने उतरले असते.

जेरल्ड विल्यम्स घर विकल्यानंतरही पाहुण्यांना भेटायला येत. २०२१ साली वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर अर अस्गुर्नचे दार सार्वजनिक झाले होते.